गाठ यकृतातली, उगम बालपणातला

वृद्ध माणसाची तपासणी एका कारणासाठी करावी आणि अहवालात दुसरेच काही निघावे, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांनी घेतला असेल. माझ्या सासूबाईंचे वय ७४. मूतखड्याच्या शंकेने सोनोग्राफी केली. खडा किरकोळ निघाला; पण यकृताच्या उजव्या भागात सहा सेंटिमीटरची गाठ असल्याची नोंद त्याच कागदावर होती.

ती ओळ वाचून मी आणि माझे यजमान दवाखान्याच्या जिन्यातच थांबलो. ‘गाठ’ या शब्दाला आपल्या घरांत एकच अर्थ असतो. आईंना काही सांगायचे नाही, असे आम्ही तिथेच ठरवले. पुढचे बारा दिवस फोनवर बोलायचे तर आम्ही गच्चीवर जात होतो. एका रुग्णालयात सुई घालून गाठीतले पाणी काढून पाहू, असे सुचवले गेले. आम्ही तारीखही घेतली.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी ती तारीख रद्द करायला लावली. त्यांनी सोनोग्राफीची चित्रे बराच वेळ पाहिली आणि आम्हाला ओलांडून थेट आईंनाच विचारले, “आजी, लहानपणी घरी कुत्री होती का?”

“होती म्हंजी? मेंढरामागं हिंडायचं तर कुत्र्याबिगर कसं? थंडीत एकाच घोंगड्यात निजायचो आमी.”

आईंचे माहेर माणदेशातले, मेंढपाळांचे. मेंढरू कापले की आतले खराब निघालेले कुत्र्यांपुढे टाकत, हेही त्यांनी सांगितले. बारा दिवस ज्यांच्यापासून आम्ही सारे लपवत होतो, उत्तर त्यांच्याचपाशी होते.

या आजाराला हायडॅटिड म्हणतात. त्याचे मूळ म्हणजे कुत्र्याच्या आतड्यात राहणारा, जेमतेम काही मिलिमीटर लांबीचा फीतकृमी. त्याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून गवतावर, मातीत पडतात. त्याच्या केसांनाही चिकटतात. मेंढी ती गवताबरोबर खाते आणि तिच्या यकृतात, फुप्फुसात पाण्याने भरलेले कोश तयार होतात. ते अवयव कच्चेच कुत्र्याच्या पोटात गेले की चक्र पुन्हा सुरू. माणूस या चक्रात चुकून सापडतो. न धुतलेल्या हातांवाटे किंवा भाजीवाटे अंडी पोटात जातात, त्यांतून निघालेले सूक्ष्म जीव आतड्याची भिंत भेदून रक्तात शिरतात, आणि आतड्यांतले रक्त प्रथम यकृताकडे जात असल्याने बहुतेकदा तिथेच अडकतात. मटण खाल्ल्याने हा आजार होत नाही आणि रुग्णाची सेवा करताना तो आपल्याला लागत नाही. काळजीवाहू वाचकांनी एवढे तरी निःशंकपणे मनात ठेवावे.

कोश अतिशय सावकाश वाढतो. दशकानुदशके तो कसलीही खूण न देता राहू शकतो. म्हणूनच रुग्ण वृद्ध असेल तर त्याच्या बालपणाची चौकशी करावी लागते.

आता त्या सुईविषयी. कोशातले पाणी पोटात सांडले तर ॲलर्जीची जीवघेणी प्रतिक्रिया येऊ शकते, शिवाय त्यातील बीजांपासून नवे कोश उद्भवू शकतात. सुईने पाणी काढून औषध सोडण्याची उपचारपद्धती आहे. पण ती निवडक कोशांसाठी, आधी अल्बेंडाझोल सुरू करून, प्रतिक्रियेची पूर्ण तयारी ठेवून, जाणत्या हातांनीच करायची असते. काहींना शस्त्रक्रिया लागते. अल्बेंडाझोल हे नाव आपल्याला जंतांच्या गोळीमुळे परिचित आहे, म्हणून सांगते: ती एक गोळी इथे उपयोगाची नाही. या आजारात तेच औषध काही महिने, अधूनमधून रक्त तपासत घ्यावे लागते.

आईंना यातले काहीच लागले नाही. त्यांच्या कोशाच्या भिंतीत चुना साचला होता आणि आतले सारे घट्ट होऊन गेले होते. असा कोश निष्क्रिय मानतात. त्याला औषध नाही, चाकू नाही. ठरावीक काळाने सोनोग्राफी करून त्यावर लक्ष ठेवायचे. ताप, कावीळ किंवा पोटात दुखू लागले तर मात्र न थांबता डॉक्टरांकडे जायचे.

मेंढ्या आणि कुत्री जिथे एकत्र, तिथे हा आजार जगभर आहे. आइसलँडमध्ये तो एके काळी घरोघरी होता. १८६३ साली हॅराल्ड क्राबे हे डॅनिश संशोधक तिथे गेले, त्यांनी कुत्री तपासली, आणि लोकांना समजेल अशी एक पुस्तिका लिहिली. ती घरोघर वाटली गेली. कुत्र्यांना खराब अवयव घालू नयेत, हे लोकांनी मनावर घेतले. पुढे कायदेही झाले. आज तो देश या आजारातून मुक्त आहे. औषध नसताना हे घडले, याचे मला फार अप्रूप वाटते.

आमच्या सोसायटीतल्या भटक्या कुत्र्याला आई अजूनही पोळी घालतात. मी नको म्हटले नाही. हात साबणाने धुवा, एवढेच म्हटले. घरी कुत्रा पाळला असेल, तर पशुवैद्यांच्या सल्ल्याने त्याला नियमित जंतांचे औषध द्यावे.

परवा भाकरी थापता थापता आईंनी विचारले, “गच्चीवर जाऊन काय बोलत हुता गं तुमी दोघं?” मी सारे सांगितले. त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली. “मला इचारलं असतं तर तवाच सांगितलं असतं,” म्हणाल्या.

अहवालांची पिशवी आता त्यांच्याच कपाटात असते.