लाँचवरची हजेरी

परवा बऱ्याच दिवसांनी भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला गेले. पायऱ्या उतरताना गुडघे कुरकुरतात, पण आम्हा अलिबागकडच्या माणसांना एसटीपेक्षा लाँचच जवळची. बसल्यावर सहज वर पाहिलं, तर लाइफ जॅकेटं छताशी दोरीने आवळून बांधलेली! खलाशी पोराला म्हटलं, "अरे, एक काढून दे की." तो हसला. "आजी, तासाभराचा तर प्रवास. समुद्र बघा किती शांत आहे."

मंडळी, आमच्या घरात समुद्राच्या शांतपणावर कुणी विसंबत नाही. 17 जुलै 1947 ला रेवसला निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. त्यात माझा थोरला मामा होता. म्हणजे, होता असं आम्ही धरून चालतो. दिव्याच्या अवसेला गिरणीतून रजा काढून घरी निघाला, एवढंच खोलीवरच्या सोबत्यांना ठाऊक. बोटीत चढताना त्याला पाहिलेलं कुणी भेटलंच नाही. आजी पुढे कित्येक वर्षं एक पान जास्त मांडायची. ते पान मी लहानपणी पाहिलंय.

18 डिसेंबर 2024 ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल'वर नौदलाची स्पीडबोट आदळली. 15 जीव गेले. परवानगी 84 प्रवाशांची, आत शंभराहून जास्त माणसं. बेपत्तांचा शोध पुढे काही दिवस चालला. बातम्या बघताना मला ते पान आठवत होतं.

कायदा नाही असं नाही. 1917 च्या जुन्या कायद्याच्या जागी संसदेने 2021 साली अंतर्देशीय जहाजांचा नवा कायदा केला. नोंदणी, तपासणी, खलाशांची पात्रता, जीवरक्षक साधनं, सगळं त्यात आहे. माझं मागणं साधं, शाळेतलं आहे. सहलीला निघताना आम्ही मुलांची यादी करायचो. एक प्रत मुख्याध्यापकांकडे राहायची. मग डोकी मोजायची. एक जरी कमी-जास्त भरलं तरी गाडी हलायची नाही.

लाँचलाही नियमाने हेच बांधून द्यावं. नावांची यादी धक्क्यावर राहावी, डोकी मोजावीत, जॅकेट अंगावर चढल्याशिवाय दोर सुटू नये. आणि मोजणारा माणूस लाँचमालकाच्या पगारावरचा नसावा. नाहीतर शंभरावं तिकीट त्याला दिसणारच नाही! रोजचे चाकरमानी म्हणतील, वेळ जातो. अहो, साठ मुलांची हजेरी मी पाच मिनिटांत घेत असे.

रेवसला उतरताना त्याच पोराने हात दिला. म्हणाला, "परतताना तुमचं जॅकेट काढून ठेवतो हं, आजी."

म्हटलं, "माझ्या एकटीचं नको रे बाळा. सगळ्यांची काढ."