ब्रदरांचा लंबक

हैदराबादच्या मराठी घरांतली मुलं बहुधा जामबागेतल्या विवेकवर्धिनीत जात. मला मात्र अण्णांनी गनफाउंड्रीच्या ऑल सेंट्समध्ये घातलं. १८५५ची शाळा, शेजारी सेंट जोसेफ कॅथीड्रल, चालवणारे माँटफोर्ट ब्रदर्स. पोरगं बाटणार, म्हणून नांदेडची आजी धास्तावली होती. मी बाटलो नाही. तरीही आतून बदललो, आणि ते ऋण आमच्या विज्ञानाच्या ब्रदरांचं.

ते मूळचे केरळचे, मल्याळी हेल काढून दखनी बोलत. कॅथलिक मुलं कॅटेकिझमला गेली की आम्हा बाकीच्यांना मॉरल सायन्स असे. पण ब्रदरांचा धर्म मला दिसला तो प्रयोगशाळेत. लंबकाच्या प्रयोगात गुरुत्व त्वरणाचं उत्तर पुस्तकात ९८० छापलेलं, आणि अख्ख्या वर्गाचंही नेमकं तेवढंच येई. उलटं गणित करून आकडे बसवलेत, हे ब्रदरांना वही उघडताच कळे. वह्या परत. एकानं ९५२ लिहिलं होतं, त्याला पूर्ण गुण. "जो दिखा, वहीच लिखना," ते म्हणत. हैदराबादेत ती किंमत खरं तर ९७८च्या आसपास आहे, विषुववृत्ताकडे सरकलं किंवा उंचावर गेलं की ती घटते, हेही त्यांच्याकडूनच कळलं. सृष्टी देवानं केलेली, तेव्हा तिच्याविषयी खोटा आकडा लिहिणं त्यांच्या लेखी पापच. माझा देव वेगळा होता. पण हे म्हणणं मला तेव्हा पटलं आणि आजही पटतं.

असा श्रद्धाळू माणूस उत्क्रांतीचा धडा गाळेल, असं पुष्कळांना वाटतं. त्यांनी तो सावकाश, मन लावून शिकवला. ब्रनोच्या मठाच्या बागेत १८५६पासून वर्षानुवर्षं वाटाण्याची रोपं मोजत राहिलेला मेंडेल हा त्यांचा फार लाडका. बायबलातल्या सहा दिवसांचं काय, असं एकानं विचारलंच. ब्रदर आम्हाला बंजारा हिल्सवर घेऊन गेले, तिथल्या खडकांपाशी उभं केलं. हा ग्रॅनाइट सुमारे अडीचशे कोटी वर्षांचा. सृष्टी कुणी केली ते बायबलाला विचारा, किती वर्षं लागली ते या दगडाला, असं त्यांनी सांगितलं. गॅलिलिओवरचा १६३३चा खटलाही त्यांनी झाकला नाही. चर्च चुकलं, असं तो पांढऱ्या झग्यातला माणूस भर वर्गात म्हणाला. रोमनं ते जाहीरपणे कबूल केलं १९९२मध्ये. पेपरात वाचलं तेव्हा मला आमचा वर्ग आठवला.

सगळ्यांत मोलाची वाटते ती बेगमपेटच्या वेधशाळेची गोष्ट. जगभरच्या वेधशाळांनी आकाश वाटून घ्यायचं आणि काचेवरच्या छायाचित्रांतून ताऱ्यांच्या जागा मोजायच्या, असं १८८७ साली पॅरिसमध्ये ठरलं. एक पट्टा व्हॅटिकनकडे गेला. पुढे एक आमच्या निजामियाकडेही आला. पोपची वेधशाळा आणि निजामाची वेधशाळा एकाच यादीत तारे भरत होत्या, हे सांगताना ब्रदरांचा चेहरा खुलायचा. व्हॅटिकनच्या काचा मोजल्या चार नन्सनी. १९१० ते १९२१ या काळात ४,८१,२१५ तारे. त्यांची नावं ब्रदरांनी कधी घेतली नाहीत, कारण ती विसरलीच गेली होती. जुन्या कागदांतून ती २०१६मध्ये उजेडात आली, आणि एमिलिया पोन्झोनी, रेजिना कोलंबो, कोंचेत्ता फिनार्दी, लुइजा पांचेरी ही चारही नावं मी वहीत उतरवून घेतली. ब्रदरांना कळवायला हवं होतं. पण त्यांची बदली कधीच झाली होती, आणि पुढे पत्ताही राहिला नाही.

पुढे मी भौतिकशास्त्रच शिकवायला लागलो. वर्गभर ९८० आलं की वह्या परत करतो. पालक भांडायला येतात: बाहेरचा परीक्षक पुस्तकातल्याच उत्तराला गुण देतो, पोराचं नुकसान कशाला करता? त्यांची काळजी खोटी नाही. मी त्यांना बसवून घेतो, चहा मागवतो आणि लंबक त्यांच्याच हातात देतो.