चादरीवरचे हात

पुण्याजवळच्या एका वृद्धाश्रमात मी उपक्रम घ्यायला लागले, तेव्हा सगळ्यांना हॉलमध्ये आणून बसवलं की आपलं काम झालं असं मला वाटायचं. सोमवारी भजन, बुधवारी तंबोला, रोज सकाळी खुर्चीतले व्यायाम. किती जण आले ते वहीत लिहायचं. आकडा मोठा असला की मी खूश.

एक आजोबा कशातच रमायचे नाहीत. स्मृतिभ्रंश बराच वाढलेला, बोलणं जवळजवळ थांबलेलं. दिवसभर उजव्या हाताची चिमूट चादरीवरून काहीतरी उचलायची आणि अर्धवट मिटलेल्या डाव्या हातात नेऊन ठेवायची. पुन्हा उचलायची. वहीत मी ‘चाळवाचाळव’ असं लिहिलं होतं. भेटायला येणाऱ्यांना बरं दिसत नाही म्हणून त्यांचे हात मी चादरीखाली घालून ठेवायचे. आज हे लिहितानाही लाज वाटते.

एकदा त्यांचा पुतण्या आला. थोडा वेळ बघत उभा राहिला आणि म्हणाला, “काका अजून खिळे जुळवतायत.”

आजोबांची सगळी हयात छापखान्यात कंपोझिटर म्हणून गेली होती. डाव्या हातात अक्षरं जुळवायची स्टिक धरायची, उजव्या हाताने केसच्या, म्हणजे खिळ्यांच्या पेटीच्या, खणांतून एकेक अक्षराचा खिळा उचलायचा. त्यांच्या फाइलमध्ये रक्तदाब होता, साखर होती, औषधांच्या वेळा होत्या. हे कुठेच नव्हतं, कारण मी कधी विचारलंच नव्हतं.

शिशाचे खिळे हातात द्यायला डॉक्टर नको म्हणाले. मग बंद पडलेल्या एका छापखान्यातून मी पोस्टरचे लाकडी खिळे आणले आणि स्वच्छ पुसून ताटात त्यांच्यापुढे ठेवले. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं. मला एकेक ओळखायला वेळ लागत होता. त्यांनी ‘ळ’ उचलला, कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “हा झिजलाय. बाजूला ठेव.”

त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं ते पहिलं सबंध बोलणं.

पुढे ब्रॅडफर्ड विद्यापीठातल्या टॉम किटवुड यांचं स्मृतिभ्रंशावरचं १९९७ सालचं पुस्तक वाचलं. आजाराआधी माणूस बघा, असं ते कळकळीने सांगतात. आधार, जिव्हाळा, आपल्यात सामावून घेणं, स्वतःची ओळख या मनाच्या गरजांच्या जोडीला त्यांनी हाताला काम हीही गरज मानली आहे. मला ते आजोबांनी आधीच शिकवलं होतं.

आता कोणी नवीन राहायला आलं की पहिले काही दिवस मी हॉलमध्ये बोलावत नाही. खोलीत जाऊन बसते. घरच्यांना विचारते, सकाळी उठल्यावर आधी काय करायचे? एका आजींना भजन नको होतं, दुपारची भाजी निवडायला हवी होती. एकांना फाटकाजवळ बसून नुसत्या एसटी बघायच्या होत्या. तेही मी आता वहीत लिहिते.

आजोबा एका पावसाळ्यात गेले. शेवटपर्यंत त्यांचे हात चादरीवर मोकळे होते. आधी ते कोंडून ठेवल्याची माफी मागायची मात्र राहून गेली.