रकान्यातली निपाणी

सीमाभागातील मराठी माणसाला अर्ज करणे नवीन नाही. 1956 च्या राज्यपुनर्रचनेपासून आपण निवेदने, हरकती आणि दाखल्यांच्या मागण्या लिहीतच आहोत. आपल्या गाऱ्हाण्याचे निवेदन संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देण्याचा अधिकार संविधानाच्या कलम 350 ने दिला आहे. वकिली करताना आम्ही या कलमाचा आधार अनेकदा घेतला. आता मात्र पुष्कळसे अर्ज पीडीएफच्या रकान्यांत भरावे लागतात आणि तेथे मराठीची गाठ कायद्याआधी फॉन्टशी पडते.

अशा अर्जात रकान्यात टंकलेला मजकूर आणि त्याचे पडद्यावर दिसणारे रूप या दोन गोष्टी वेगवेगळ्या साठवल्या जातात. अर्ज भरून झाला की तो 'फ्लॅटन' करतात. त्यामुळे दिसणारे रूप पानाचाच भाग होते आणि रकाना नाहीसा होतो. आम्ही याला सपाटीकरण म्हणतो. बांध काढले की वाफे जाऊन सलग रान उरते, तसेच हे. त्यानंतर रकान्यात शिरून नाव किंवा रक्कम बदलता येत नाही. अर्थात हे काही मोहोर लावणे नव्हे. खरी राखण डिजिटल स्वाक्षरीच करते आणि ती सपाटीकरणानंतरच करावी. आधी केल्यास स्वाक्षरी अवैध दिसू लागते.

मराठीची अडचण समजण्यासाठी 'निपाणी' हाच शब्द घ्यावा. संगणकात आधी 'न' आणि मागाहून वेलांटी साठवली जाते, दिसताना मात्र वेलांटी पुढे यावी लागते. ही जाण नसलेल्या प्रणालीत वेलांटी 'न'च्या मागे लोंबकळते आणि 'कर्नाटक'मधला रफार सुटून पडतो. रकान्याला नेमलेल्या फॉन्टमध्ये देवनागरीच नसेल, तर अक्षरांच्या जागी चौकटी उमटतात. कधी मजकूर साठवला जातो, पण त्याचे रूप तयार होत नाही. मग सपाटीकरणानंतर रकाना कोरा राहतो. कन्नड अक्षरांवरही असाच प्रसंग येतो, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

आमच्या एका वृद्ध पक्षकाराच्या अर्जावर गावाच्या नावाऐवजी चौकटी उमटल्या आणि अर्ज 'अपूर्ण' असा शेरा मारून परत आला. आक्षेप भाषेवर नव्हताच, त्यामुळे कलम 350 दाखवूनही उपयोग नव्हता.

तेव्हापासून आम्ही एक शिस्त पाळतो. लिबरऑफिससारख्या मोफत साधनात अर्ज तयार करताना प्रत्येक रकान्याला देवनागरी फॉन्ट नेमतो. भरलेला अर्ज पुन्हा 'पीडीएफ म्हणून छापतो'. तेवढ्यानेही सपाटीकरण होते. ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून नाव, गाव आणि सर्व्हे क्रमांक वाचतो, मगच स्वाक्षरी घेतो. रकाने असलेली मूळ प्रतही जपून ठेवतो. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 च्या कलम 7 नुसार जपलेल्या इलेक्ट्रॉनिक अभिलेखातून मूळ माहिती अचूक दिसली पाहिजे. चौकटींतून कोणती माहिती दिसणार?

सीमाबांधवांनो, मराठीत अर्ज मिळावेत अशी मागणी आपण करतोच. यापुढील निवेदनात आणखी एक ओळ घालावी: अर्जाच्या रकान्यात देवनागरी टंकता यावी आणि दाखल झालेल्या प्रतीवर ती जशीच्या तशी उमटावी. ही ओळ लिहिलेले निवेदन पाठवण्यापूर्वी त्याची सपाट प्रत एकदा स्वतः वाचून पाहावी.