सातवी बशी

वीस बशा, वीस प्रकारच्या बिया, पंधरा मिनिटं. सातव्या बशीसमोर ‘मोहरी’ लिहून मी पुढे सरकले. तीस वर्षं फोडण्या घालणारी बाई तिथे कशाला थांबेल? ती निघाली पिवळ्या धोत्र्याची बी. आणि शिकवणाऱ्या बाईंनी मोठ्यानं वाचून दाखवायला नेमकं माझंच उत्तर निवडलं. चार वर्षं झाली, अजून डाचतं.

बाकीच्या बशा तशा सोप्या होत्या. वालाच्या कडेची लांबट पांढरी नाभी, चवळीचा काळ्या कड्यातला डोळा, एरंडाच्या टोकावरची गाठ. भिजवलेला हरभरा दाबला की बीजरंध्रातून पाण्याचा थेंब डोकावतो, ते तर शाळेतच झालेलं.

पण सातवी! जेमतेम दोन मिलिमीटरचा काळपट गोल दाणा. नुसत्या डोळ्यांना मोहरीच. बाईंनी सराफाकडे असतं तसलं दहापटीचं भिंग हातात दिलं. भिंगाखाली मोहरीवरही पुसट जाळी दिसते, आणि नवखा फसतो तो तिथेच. धोत्र्याची जाळी मात्र ठसठशीत, कोळ्याच्या जाळ्यासारखी खणाखणांची, आणि एका अंगाला शिवणीसारखी उठलेली कड. मग दोन्ही दाणे चमच्याच्या पाठीनं चिरडले. मोहरी आतून पिवळी: दोन बीजपत्रं एकात एक दुमडून बसलेली, सगळा अन्नसाठा त्यांच्यातच. धोत्रा आतून पांढरा: तेलकट भ्रूणपोष, आणि त्यात हरवलेला इवलासा गर्भ. मोहरी कोबी-मुळ्याच्या कुळातली, धोत्रा अफूच्या. दिसायला जुळ्या, पण सोयरसुतक काही नाही.

हे कळायला हवं होतंच म्हणा. धोत्र्याच्या तेलातल्या सँग्विनारीननं अंगावर सूज चढते, हृदय थकतं. कलकत्त्यात अशी साथ १८७७ मध्ये नोंदली गेली. तिचा या तेलाशी संबंध जुळायला १९२० चं दशक उजाडलं. आणि १९९८ मध्ये दिल्लीत भेसळीच्या मोहरीतेलानं साठाहून जास्त माणसं दगावली. आपल्याकडे मोहरी फोडणीपुरती, म्हणून आपण निर्धास्त. धोत्रा मात्र आपल्याही बांधावर, रस्त्याकडेला पिवळाधमक फुललेला असतोच.

तरीही माझं म्हणणं आहे, बाईंनी आधी सूचना द्यायला हवी होती. ओळखायला लावणं वेगळं, पेचात पकडणं वेगळं. शिकणाऱ्याला चारचौघांत असं तोंडघशी पाडू नये. आणि कुणी शिकायला बसणार असेल तर सांगते, रंगावर जाऊ नका. आधी नाभी शोधा, मग पृष्ठभाग बघा, आणि एक दाणा फोडल्याशिवाय काही लिहू नका.

मागच्या दिवाळीत थोरल्या जाऊबाई आल्या होत्या. कागदी पुडीत जपून ठेवलेले धोत्र्याचे दाणे मी वाटीत घालून त्यांच्यापुढे ठेवले. ओळखा म्हटलं.

‘‘मोहरी. यात काय ओळखायचं?’’

मी भिंग पुढे केलं. बराच वेळ त्या वाटीवर वाकून होत्या. मग म्हणाल्या, ‘‘अगं, आधी सांगायचंस ना!’’

मला भलतंच बरं वाटलं. चहा होईपर्यंत त्यांनी माझा मोहरीचा डबा कागदावर उपडा केला होता आणि दाणा दाणा निवडायला बसल्या होत्या.