शी तपासायची चिठ्ठी

मंडळी, ही पोस्ट जेवताना वाचू नका. नंतर वाचा, पण वाचा.

१० फेब्रुवारी हा राष्ट्रीय जंतनाशक दिन. १ ते १९ वर्षांच्या मुलांना शाळेत, अंगणवाडीत अल्बेंडाझोलची गोळी देतात. ऑगस्टमध्येही फेरी असते. ही बातमी मी २०१५ पासून करतोय. करतोय म्हणजे काय, तर प्रेसनोट येते, फोटो येतो, साहेबांच्या हातात गोळी आणि पोराचा आ वासलेला. मी आकडा बदलतो आणि बातमी पाठवतो.

यंदा त्या दिवशी माझाच सात वर्षांचा मुलगा आजोळी लग्नाला गेलेला. राहिलेल्या मुलांना नंतर पुन्हा एक दिवस गोळी देतात, तेव्हा तो सर्दीने घरी. "मेडिकलमधून आणू की, त्यात काय," असं मी म्हणालो आणि विसरलो.

जूनमध्ये त्याचं पोट दुखायला लागलं. बेंबीभोवती दुखायचं, थांबायचं, पुन्हा दुखायचं. जेवण निम्म्यावर आलं. आई म्हणाली, "गोड खातो, झोपेत दात खातो, जंतच आहेत." आणि वावडिंग सुरू केलं. मी हसलो. (गोडाने जंत होत नाहीत, दात खाण्यावरून तर काहीच ठरत नाही. पण कारण चुकलं तरी निदान आईचंच बरोबर निघालं.)

डॉक्टरांनी चिठ्ठीवर दोन तपासण्या लिहिल्या. आधी शौचाची, आणि त्यात काही नाही निघालं तर सोनोग्राफी. मी उलटं केलं. हजार रुपये मोजून सोनोग्राफी केली, रिपोर्ट नॉर्मल. शौचाची चिठ्ठी बारा दिवस पाकिटात राहिली. खरं कारण सांगतो, लाज वाटली. ओळखीच्या माणसाच्या टेबलावर आपल्या पोराच्या शीची डबी कशी ठेवायची? हागणदारीमुक्तीवर सहा भागांची मालिका लिहिलेला माणूस मी.

बाराव्या रात्री तो पोट धरून उठला. बायको म्हणाली, "अहो, ती चिठ्ठी कुठंय? तुम्हाला जमत नसेल तर मी जाते." सकाळी मीच गेलो.

सरकारी दवाखान्यातल्या टेक्निशियनने काचपट्टीवर सलाईनचा थेंब टाकला, त्यात टाचणीच्या डोक्याएवढी शी कालवली, वर पातळ काच ठेवली. पाच मिनिटांत म्हणाला, "या दादा, बघा." मायक्रोस्कोपमध्ये पिवळट-तपकिरी, लंबगोल अंडी. कड खडबडीत, फणसाच्या सालीसारखी. गोल जंताची एक मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते, म्हणून ती अशी सहज सापडतात. सोनोग्राफीत एखाददुसरा जंत निसटू शकतो.

त्याने आणखी एक सांगितलं. अंडं पोटात गेल्यावर अळी आतड्यातून रक्तात शिरते, फुप्फुसात जाते, खोकल्याबरोबर घशात येते आणि गिळली जाऊन पुन्हा आतड्यात. तिथं मोठी होऊन अंडी घालेपर्यंत दोन-तीन महिने जातात. त्या काळात शौच तपासलं तर काही दिसत नाही. पोटात नुसते नर असतील तरीही नाही. म्हणजे एकदा रिपोर्ट कोरा आला म्हणून विषय संपत नाही.

४०० मिलिग्रॅमची एक गोळी दिली. तिसऱ्या दिवशी दोन जंत पडले. वीतभर लांब, पांढरट-गुलाबी, गांडुळासारखे. पोरगा घाबरण्याऐवजी मोजत होता.

शेजारच्या वहिनींनी त्याच दिवसापासून आपल्या मुलीला आमच्याकडे पाठवणं बंद केलं. त्यांना समजावून सांगितलं, ताज्या शौचातलं अंडं लगेच लागत नाही. ओल्या, उबदार मातीत दोन-तीन आठवडे गेल्यावर ते लागण करण्याजोगं होतं, आणि मग वर्षानुवर्षं टिकतं. एका ताटात जेवल्याने जंत होत नाहीत. माती लागलेल्या हाताने किंवा न धुतलेल्या भाजीतून होतात.

आता माती. आपल्या गावात सेप्टिक टँक उपसणारा टँकर रात्री कुठं रिकामा होतो, हे सगळ्यांना माहीत आहे. त्याच नाल्याला पुढे मोटारी लावल्यात, त्यावर मेथी-कोथिंबीर होते आणि ती गुरुवारच्या बाजारात येते. तीन वर्षांपूर्वी मीच ही बातमी केली होती. आतल्या पानावर, दोन कॉलम. पाठपुरावा केला नाही. माझ्या पोराला त्याच भाजीतून झालं असं मी म्हणणार नाही, शाळेच्या मैदानातूनही झालं असेल. पण गोळी पोटातले जंत मारते, मातीतली अंडी नाही. म्हणून तर वर्षातून दोनदा द्यावी लागते.

परवा ऑगस्टच्या फेरीची प्रेसनोट आली. फोन करून विचारलं, "गोळ्यांचा आकडा मिळाला. वर्षभरात तालुक्यात शौच तपासण्या किती झाल्या, तेवढं सांगा." पलीकडे जरा शांतता. मग, "सर, असं कुणी विचारत नाही. रजिस्टर बघून कळवतो."

आज चौथा दिवस. बातमी थांबवून ठेवली आहे.