छोटी हल्द्वानीचा गडगा

नैनिताल, 16 ऑक्टोबर

तीर्थरूप आबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

काल सुखरूप पोचले. तळ्याकाठी गारठा आहे. आईची शाल पहिल्याच संध्याकाळी बाहेर निघाली. राखणीच्या माळ्यावर बसून तुम्ही ज्या जिम कॉर्बेटच्या गोष्टी सांगायचात, तो याच गावात 25 जुलै 1875 ला जन्मला. वडील इथले पोस्टमास्तर. जिम जेमतेम सहा वर्षांचा होईतो ते गेले. पोरगा वयात येताच रेल्वेत चिकटला आणि पुढे वीसेक वर्षं गंगेकाठी मोकामा घाटावर माल चढवण्या-उतरवण्याचा ठेका चालवला. सुरुवातीला मजुरांच्या बरोबरीने स्वतःही कोळसा ओढला. 436 बळी घेणारी चंपावतची वाघीण त्याने 1907 मध्ये मारली, तीही या नोकरीधंद्यातून सवड काढून.

तुमच्या गोष्टींत त्याचं सैनिकपण कधी आलं नाही. 1917 मध्ये, बेचाळिशीला टेकलेला असताना, तो 500 कुमाऊंनी माणसांची तुकडी घेऊन फ्रान्सच्या आघाडीवर गेला. त्यातला एकच माणूस दगावला, बाकी सगळे त्याने घरी आणले. दुसऱ्या महायुद्धात सत्तरीच्या उंबरठ्यावर असताना आपल्या नागपूरच्या वरच्या अंगाला, छिंदवाड्यात, तो सैनिकांना जंगलात जगायला शिकवत होता.

छोटी हल्द्वानी, 18 ऑक्टोबर

आबा, आज जे पाहिलं ते तुम्ही पाहायला हवं होतं.

नैनितालखाली, डोंगर संपून भाबर हा पायथ्याचा पट्टा सुरू होतो तिथे कालाढुंगी आहे. कॉर्बेटचं हिवाळ्यातलं घर इथेच. आता तिथे संग्रहालय आहे. मी तिथे फार रेंगाळले नाही. शेजारचं हे गाव त्याने वसवलं. 1915 मध्ये पडीक जमीन घेतली, 221 एकर. रान तोडलं, पाट काढले, कुळं आणून बसवली. पण पिकं उभी राहिली की रानडुकरं आणि साळिंदरं यायची. मोती नावाच्या कुळाचं शेत असंच उद्ध्वस्त झालं, तेव्हा साहेबाने गावाभोवती दगडी भिंत, म्हणजे आपल्याकडचा गडगाच, घालून द्यायचा शब्द दिला. सहा फूट उंच भिंत पुरी व्हायला दहा वर्षं लागली. त्याने ती पुरी केली.

त्या भिंतीकडेने मी दुपारभर चालले. काही ठिकाणी ढासळलीय, शेवाळलीय, पण बरीचशी उभी आहे. आतल्या बाजूला भात पिकून पिवळं झालेलं. आपलंही आत्ता असंच असेल.

लोक त्याला शिकारी म्हणून ओळखतात. मला तो आज शेतकरी म्हणूनच मोठा वाटला. वाघ मारायला धैर्य लागतं. पण दुसऱ्याच्या पिकासाठी दहा वर्षं दगडावर दगड रचायला जे लागतं ते फार थोड्यांपाशी असतं. त्याचं सगळंच मला पटतं असं नाही. 1930 मध्ये इथून जवळच पवलगढचा प्रचंड वाघ त्याने मारला. तो नरभक्षक नव्हता. तो वाघ जगायला हवा होता. पुढे कॉर्बेटच्या हाती बंदुकीपेक्षा कॅमेरा जास्त आला. 1936 मध्ये झालेलं इथलं राष्ट्रीय उद्यान त्याच्याही खटपटीचं फळ आहे.

रामनगर, 20 ऑक्टोबर

उद्याच्या गाडीने निघते. कॉर्बेटनेही एकदा इथला निरोप घेतला: 1947 च्या अखेरीस बहीण मॅगीसह तो केनियाला गेला. जमीन कुळांकडे राहिली. 19 एप्रिल 1955 ला तो केनियातच, न्येरीत वारला, एकोणऐंशी वर्षांचा होऊन. इथली माणसं त्याला अजून ‘कार्पेट साहेब’च म्हणतात.

आबा, आपल्या वरच्या मळ्याचा गडगा पावसात जिथे कोसळलाय, तिथले दगड कुणाला नेऊ देऊ नका. मी आले की दोघं मिळून लावू. तोवर राखणीला एकटे जाऊ नका, शेजारचा कुणी सोबत घ्या.

आईला नमस्कार.

आपली,
धाकटी